मध्यंतराची पाच मिनिटं

कऱ्हाडच्या कबड्डी संघाची तिजोरी रिकामी झाली होती. प्रक्षेपणाचे पैसे मिळाले नाहीत, तर खेळाडूंना घरी पाठवावं लागणार होतं. म्हणून अध्यक्ष दत्तोबा मुळीक खजिनदार इंदूताई गुरवांना घेऊन वाहिनीचे मालक रणदिवेसाहेब यांच्याकडे पुण्याला गेले.

साहेबांनी त्यांना ‘बसा’सुद्धा म्हटलं नाही. "तुमच्या खेळाला काळं कुत्रंही विचारत नाही. मी सामने दाखवतो हेच उपकार समजा. दमडी मिळणार नाही!"

दत्तोबांच्या तोंडचं पाणी पळालं. इंदूताई मात्र शांतपणे म्हणाल्या, "बरं साहेब, फुकट दाखवा. एकच अट आहे. मॅट घामानं निसरडी होते, म्हणून मध्यंतरात आमचे खेळाडू ती स्वतः पुसतात. ती पाच मिनिटं तेवढंच दाखवायचं, जाहिराती नाहीत."

"वेड लागलंय का बाई?" साहेब ताडकन उठले. "ती पाच मिनिटं दिवाळीतच विकली गेलीत! एकट्या साबणवाल्यानं चाळीस लाख मोजलेत!"

"अगबाई!" इंदूताई म्हणाल्या. "बघणारं कुणीच नाही, मग चाळीस लाख मोजून तो आंघोळ घालतोय कुणाला?"

साहेब मटकन खुर्चीत बसले. पुटपुटले, "बसा ना ताई. करारावर आकडा किती घालू?"

दत्तोबा मात्र उभेच राहिले. चाळीस वर्षं त्यांनी चढाया पाहिल्या होत्या, पण समोरच्याला बोटही न लावता बाद करणारी चढाई ते आज पहिल्यांदा पाहत होते.