एका काचेआडचे दोन दिवे

ज्या काळी गाड्यांचे दिवेही आपसांत बोलत, त्या काळी हणमंतच्या, गावोगावच्या सवाऱ्या नेणाऱ्या वडाप जीपला पुढे एकाच काचेआड दोन दिवे होते. एक मंद उजेडाचा, पार्किंगचा म्हातारा आणि दुसरा वळताना उघडझाप करणारा पिवळा. पिवळा सदा कुरकुरे, "या मिणमिणत्याच्या शेजारानं माझी शोभा जाते."

म्हातारा म्हणे, "असू दे बाबा. मी मंद आहे म्हणून तर तू नजरेत भरतोस."

दसऱ्याला हणमंतने जीप धुतली, झेंडूचा हार घातला आणि म्हाताऱ्याला काढून तिथे लखलखीत पांढरा दिवा बसवला. पिवळा हरखून गेला.

तिन्हीसांजेला जीप ओढ्याच्या रस्त्याला वळू लागली. समोरून गावातली गोदाक्का सायकलवर येत होती. रोज पिवळा दिसला की ती थांबायची. आज तो जिवाच्या आकांताने उघडझाप करत राहिला, पण पांढऱ्याच्या झगमगाटात तिला दिसलाच नाही.

धडकेने काच फुटली, पांढरा विझला. लोक धावत आले.

"अरे, वळणाचा दिवा तरी लावायचास," कुणीतरी हणमंतला म्हणालं.

गोदाक्का उठली नाही. अंधारात पिवळा अजून उघडझाप करत होता, आणि आता तो साऱ्या गावाला दिसत होता.