मातीची पिशवी

एका घरामागच्या परसात एक वांग्याचं झाड होतं. सगळे त्याला वांगोबा म्हणत. अंगावर काटे, पण बोलणं गोड. म्हणजे काम असेल तेव्हा गोड.

त्याच्या बुंध्याशी एक कोळीण राहायची. रूपानं काही देखणी नव्हती. मातकट रंग, अंगभर लव, आठ पाय आणि आठ डोळे. जाळं विणून त्यात आयतं बसायचं तिला जमत नसे. दबा धरायचा, झडप घालायची, हा तिचा खाक्या. वांगोबाच्या पानांतला रस पिणारे तुडतुडे तिच्या धाकानं तिकडे फिरकत नसत.

एकदा तिनं अंडी घातली. धाग्यांची गोल पिशवी विणून त्यात ठेवली आणि पिशवी मागे बांधून हिंडू लागली. साहजिकच पळणं मंदावलं. दोन-चार तुडतुडे निसटले, तसा वांगोबा गोड आवाजात म्हणाला,

"ताई, एवढं ओझं कशाला वागवतेस? ठेव माझ्या सावलीत. पोरं ती आपलीच!"

कोळिणीनं ती पिशवी क्षणभरही सोडली नव्हती. पण इतक्या मायेनं तिच्याशी कुणी कधी बोललंही नव्हतं. पिशवी ठेवून ती शिकारीला गेली.

इकडे वांगोबाला डुलकी लागली. जाग आली तेव्हा मुंग्या पिशवी फाडून अंडी घेऊन चालल्या होत्या.

शेजारची मिरची म्हणाली, "खरं काय ते सांगून टाक. रडेल, शिव्या देईल. पण अजून वेळ गेलेली नाही, पुन्हा अंडी घालील."

"आणि रागावून निघून गेली म्हणजे? तुडतुडे तुझ्या अंगावर घेशील?"

मग मिरचीनंही काही सांगायचं नाही असं ठरवलं. राखण तिलाही फुकटच मिळत होती.

कोळीण परतली. वांगोबानं मातीचं एक गोल ढेकूळ दाखवलं. "ही बघ तुझी पिशवी. जरा धुळीत लोळली, इतकंच."

बिचारीनं विश्वास ठेवला. ढेकळाभोवती नवे धागे गुंडाळले, मागे बांधलं आणि दुप्पट जोमानं राबू लागली. मधूनच विचारायची, "आत हालचाल दिसते का रे?"

"दिसते तर!" वांगोबा म्हणायचा. त्या हंगामात त्याला वांगी मोप लागली.

दिवस भरले. या जातीच्या आया पिशवी स्वतः उसवतात आणि पोरांना पाठीवर घेऊन हिंडवतात. तिनंही पिशवी उसवली. पाय पसरले, पोरांना चढता यावं म्हणून पाठ खाली केली.

आतून माती सांडली.

कितीतरी वेळ ती माती चाचपत राहिली. मग म्हणाली, "तुला ठाऊक होतं?"

"तुला वाईट वाटेल म्हणून…"

"आता मी म्हातारी झाले रे. तेव्हाच सांगितलं असतंस, तर आज पाठीवर पोरं असती."

ती कुठे गेली नाही. त्या मातीपाशीच पाय दुमडून मेली.

मग तुडतुडे आले. वांगोबाची पानं कडांनी वळली, पिवळी पडली. तो ओरडू लागला, "अगं मिरचे, कुणीतरी कोळी बोलाव गं!"

मिरचीचीही पानं झडत होती. ती म्हणाली, "कुठून बोलावू? तिची पोरं मोठी होऊन आपल्याच बुंध्याशी राहणार होती."

तात्पर्य: दुसऱ्याचं मन राखतो असं सांगून जो स्वतःची सोय राखतो, तो दोघांचंही वाटोळं करतो.