सिदोजीच्या मळ्याचं कुंपण

फार मागची गोष्ट आहे. इतकी मागची की गावाला वेस होती, पण वेशीला दार बसवायचं अजून कुणाला सुचलं नव्हतं. अशा एका गावात ओढ्याच्या काठी सिदोजीचा पानमळा होता.

विड्याच्या पानांची वेल मोठी नाजूक. ती शेवरीच्या झाडावर चढते, पण तिची तिला नीट चढता येत नाही. दर आठ दिवसांनी तिचा शेंडा लव्हाळ्याच्या ओल्या पातीने झाडाला बांधून द्यावा लागतो. सिदोजीच्या मळ्यात हे काम कोंडाई करायची. सिदोजीच्या वडिलांच्या वेळेपासून ती या मळ्यात होती. बाई कमी बोलायची, आणि बोलली तर ऐकणाऱ्याला ते गोड लागेलच असं नव्हतं.

पानमळ्यात अनवाणी शिरायचं, ही तिथली रीत. सिदोजीने या रीतीला आपली पुरवणी जोडली होती. तो आत येणाऱ्याचे पाय तर बघायचाच, पण डोळेही बघायचा. कोण किती वेळ थांबलं, कोणी कुठल्या वेलीकडे पाहिलं, सगळं त्याच्या लक्षात राहायचं. पान चांगलं आहे असं कुणी म्हटलं की आता मळ्याला नजर लागणार, असं त्याला वाटायचं. वाईट म्हणणारा निदान नजर तरी लावत नाही, असं त्याचं गणित होतं.

एकदा एक पानवाला व्यापारी बांधावर उभा राहून म्हणाला, "असं पान पंचक्रोशीत नाही." झालं. पुढच्याच आठवड्यात चार पानांवर काळे ठिपके दिसले. ठिपके दर पावसाळ्यात येत, पण सिदोजीची खात्री पटली. मळा लोकांच्या नजरेआड करायचा, असं त्याने ठरवलं.

बाजाराच्या वाटेवर एका पडक्या भिंतीवर त्याने एक वेल पाहिली होती. तिची पानं विड्याच्या पानासारखी बदामी आकाराची आणि फुलं पांढरी, बारीक. चार महिन्यांत तिने अख्खी भिंत झाकली होती. तिचे हातभर लांबीचे तुकडे त्याने आणले आणि मळ्याच्या चारी बाजूंना लावले. पाऊस संपायच्या आत असं दाट कुंपण उभं राहिलं की बाहेरून मळा आहे की जंगल, ते कळेना. सिदोजी त्या वर्षी पहिल्यांदा शांत झोपला.

एके दिवशी कोंडाई हातात एक तुटका शेंडा घेऊन त्याच्यासमोर उभी राहिली.

"धनी, ही कुंपणातली. आत शेवरीवर चढली व्हती."

"म्हणून तू कुंपण तोडलंस?"

"कुंपण न्हाई तोडलं. आत आली तेवढी काढली. बगा, आपली वेल नुसत्या बारक्या मुळ्यांनी झाडाला धरती, म्हणून तिला बांधावं लागतं. ही झाडाला येढं घालती. हिला बांधायला लागत न्हाई, हीच बांधती. आत्ताच उपटा. एकदा फुलली की आवरायची न्हाई."

आता सरळ माणसाने खाली वाकून पाहिलं असतं. सिदोजीने कोंडाईच्या तोंडाकडे पाहिलं. हिला कुंपण का नको आहे? कुणाला मळा दाखवायचा आहे? व्यापारी आला तेव्हा हीच तर बांधाजवळ होती. एकातून एक शंका निघत गेली आणि संध्याकाळपर्यंत कोंडाईला मळा बंद झाला. एका मळ्यातून काढलेल्या बाईला दुसऱ्या मळ्यात कोण घेणार? तीस वर्षं वेली बांधणारी बाई ओढ्यापलीकडच्या आपल्या खोपटात मोळ्या विकून दिवस काढू लागली. हा अन्याय होता, आणि गावात तो कुणी बोलून दाखवला नाही.

सिदोजीने नवी माणसं आणली. ती ओळखीची होऊ नयेत म्हणून तो दर पंधरवड्याला बदलायचा. कुणाला या मळ्याची वेल नीट पाहायलाच मिळाली नाही. दिसेल तो बदामी पानाचा शेंडा ती लव्हाळ्याने शेवरीला बांधत गेली.

हळूहळू मळा पिवळा पडू लागला. शेवऱ्या झाकल्या गेल्या, त्यांची पानं झडली. सिदोजीने पाटाच्या पाण्यावर राखण बसवली, कारण वरच्या अंगाला त्याच्या भावाचं शेत होतं आणि पाणी तोच तोडतो, असा त्याला संशय होता. मग राखण करणाऱ्यावर दुसरी राखण बसवली. बायको शेजारणीशी बोलली की तो विचारायचा, "काय सांगितलंस?" ती बिचारी म्हणायची, "भाजीत मीठ जास्त झालं म्हणून सांगितलं." त्यावरही त्याचा विश्वास बसायचा नाही. आणि कुंपण मात्र हिरवंगार होतं. त्याच्याकडे बघून त्याला वाटायचं, एवढं एक तरी इमानाला जागलं.

मग पुढच्या वर्षीचं नवरात्र आलं. देवीचा विडा घरच्या पानांचाच करायचा, ही त्याच्या वडिलांपासूनची रीत. कुणाच्या हातावर विश्वास नाही म्हणून सिदोजीने पहाटेच्या अंधारात स्वतः पानं खुडली. पूजा झाली, प्रसादाचा विडा त्याने तोंडात टाकला आणि चावता चावता थांबला. तिखटपणा नाही, वास नाही. तोंडात नुसतं गवत.

तो तसाच मळ्यात गेला. एकेका शेवरीला हात लावून बघत चालला. पानवेली कधीच्या वाळल्या होत्या. त्यांच्यावर दुसरीच वेल पिळे घालून बसली होती, आणि तिच्या शेंड्यांना त्याच्याच मजुरांनी लव्हाळ्याच्या गाठी मारल्या होत्या. मागोवा घेत तो मुळापाशी पोचला. मूळ त्याच्या कुंपणात होतं. सिदोजी तिथेच मातीत बसला.

दुसऱ्या दिवशी त्याने कोयत्याने ती वेल तोडली आणि तुकडे पाटात फेकले. पंधरा दिवसांनी प्रत्येक पेरातून नवा कोंब आला, आणि पाट जिथे जिथे गेला तिथे तिथे आला. तेव्हा तो ओढा ओलांडून कोंडाईच्या खोपटाकडे गेला. खोपटाबाहेर त्याने पायातल्या वहाणा काढल्या, कारण दाराशी हादग्याच्या झाडावर पानवेल चढली होती.

कोंडाईने त्याच्याकडे पाहिलं, वेलीकडे पाहिलं. "चोरलेली न्हाई धनी. तुमच्या वडलांनी दिलं व्हतं बेणं."

"ठाऊक आहे," सिदोजी खाली मान घालून म्हणाला. "कोंडाई, माझं चुकलं. मळा गेला."

कोंडाईने दारातली मोळी बाजूला सारली. मग म्हणाली, "तोडून भागत न्हाई. मुळासकट खणा. पडलेला बारका तुकडासुदिक येचा, खडकावर वाळवा आन् जाळा. पाण्यात टाकू नका. फुलायच्या आधी करा. आन् वरीसभर दर आठ दिवसाला फिरून बगा. ती संपली असं वाटलं तरी बगा."

एवढं सांगून तिने हादग्यावरच्या वेलीचं बेणं कापून त्याच्या उपरण्यात घातलं. ते बांधून घेताना सिदोजीला राहवलं नाही. "तू हिला काहीच आडोसा केला नाहीस? वाटेवरच आहे. येणारा-जाणारा बघतो."

"बगू द्या की," कोंडाई म्हणाली. "लोकांना दिसतंय म्हणून तर कुणी थांबून सांगतं, बाई, ह्ये भलतंच काय उगवलंय बग."

कोंडाई मळ्यात परत आली, पण सिदोजीसमोर एक अट घालून: कुंपण राहणार नाही. दोघांनी मिळून वर्षभर खणलं, वेचलं, जाळलं. दीड वर्ष त्या मळ्यातून एक पान निघालं नाही. सिदोजीच्या वडिलांनी लावलेली एकही वेल वाचली नाही. आज तिथे जे पान आहे ते कोंडाईच्या दारातल्या बेण्याचं आहे, आणि बांधावर कुणी उभं राहिलं तर सिदोजी त्याला आपणहून आत बोलावतो.

बोध: जो आपल्या माणसांवर संशय घेऊन कुंपण घालतो, त्याचा घात त्या कुंपणातूनच होतो, आणि त्याला सावध करायला जवळ कुणी उरत नाही.