दहा पावलं मागं

सभापती रंगराव धुमाळ ट्रकात ड्रायव्हर सोपानच्या डाव्या हाताला बसत. हुकूम एकच: आपला ट्रक मागं घ्यायचा नाही, समोरच्यानं बाजूला व्हायचं.

एकदा चारही चाकांना जोर देऊन सोपाननं ट्रक चिखलातून काढला. डांबरीवर आल्यावर जोर सोडला, तरी पुढची चाकं कटकट करू लागली.

"हब मोडलेस. आजपासून तुझी नोकरी गेली," सभापती गरजले.

गॅरेजातल्या हुसेन मिस्त्रीनं चाकाला कान लावला. सभापतींना उतरवून सोपानला सावकाश म्हणाला, "बाबा, दहा पावलं मागं घे."

जोर देताना पुढच्या चाकांत अडकलेले हब टक्कन सुटले, कटकट थांबली.

"मागं आल्याबिगर ते सुटत नाहीत, साहेब."

"मग बिघडलंय काय?"

"सोपानच्या डाव्या हाताला बसतं ते."