भिंतीवरची साक्ष

एका राज्यात न्याय पाल करी. माणूस बोले, आणि बोलणं खरं असलं तर भिंतीवरची पाल चुकचुके. खोटं असलं तर गप्प राही. ती चुकचुकली की ऐकणाऱ्यानं बोटानं ठोकायचं. ठोकलं की गोष्ट मानली, मग मागं फिरणं नाही. लहानापासून थोरापर्यंत हीच रीत.

त्या राज्याचा राजा मेला तेव्हा राणी गरोदर होती. गादीवर धाकटा भाऊ रणधवल बसला. राणी बाळंत झाली, आणि रीत म्हणून रणधवलाला भरल्या दरबारात सुईणीला विचारावं लागलं, "मूल कसं उपजलं?"

गजरा सुईण म्हणाली, "मेलेलं."

पाल चुकचुकली नाही.

सगळा दरबार भिंतीकडं बघत राहिला. राजा गरजला, "पाली बहिऱ्या झाल्या! मारा सगळ्या. बघणारं-ऐकणारं काही उरू नये. वळचणीची घरटी काढा, कुंपणावरचे सरडे ठेचा." राणीला तळघरात कोंडलं. राजाच्या मांत्रिकानं घराघरांच्या भेगा मंतरलेल्या चुन्यानं बुजवल्या.

गजरानं तर शिपायांची वाटही पाहिली नाही. घरी गेली नि केरसुणी उचलली. चुलीमागची पाल शेपूट टाकून पळाली. उंबऱ्यावर वळून म्हणाली, "माझं तोंड बंद केलंस. आता या राज्यात उपजलेलं मूल रडायचं नाही, आणि तिसऱ्या दिवेलागणीला जाईल."

तसंच झालं. पाच वर्षं गजरानं मुलं झेलली नि तिसऱ्या दिवशी पुरली. लोक म्हणत, देवाची करणी. ती म्हणे, "हो बाबा, देवाचीच."

मग तिची लेक रखमा बाळंत झाली. मुलगी. डोळे टकटकीत, मुठी वळलेल्या, आवाज नाही.

"आई, रडत का नाही गं ही?"

गजरानं नाळ कापायचा लहान विळा कमरेला खोवला आणि सीमेबाहेरच्या माळाची वाट धरली. हाकललेली पाखरं नि सरडे तिथंच राहत होते.

बाभळीवर चिमणी बसली होती. "कुणाकडं निघालीस?"

"पालीकडं."

"तुझ्या वळचणीचं माझं घरटं कुणी ओढलं?"

"मीच."

"आत अंडी होती."

"होती."

"मग वाट फुकट मिळायची नाही. पिलांना अंथरूण दे."

गजरानं विळ्यानं वेणी कापली नि काट्यात अडकवली. चिमणीनं उत्तरेला चोच केली.

पुढं खडकावर लाल गळ्याचा सरडा मान हलवत होता. "पोरं मला दगड मारत होती, तेव्हा तू दारातच होतीस. काय म्हणालीस?"

"नेम धरून मारा, म्हणाले."

"लाज वाटली?"

"तेव्हा नाही."

माळावरचे तीन दगड आपणहून उठले. एक खांद्यावर बसला, एक गुडघ्यावर, एक कपाळावर. गजरा जागची हलली नाही. सरडा म्हणाला, "आता जा लंगडत. पडक्या देवळाच्या कोनाड्यात आहे ती."

पालीची शेपूट पुन्हा फुटली होती, पण वाकडी. ती म्हणाली, "मला तुझं काही नको. मला पदरात घे, दरबारात चल, खरं बोल."

"राजा सुळावर देईल मला."

"देईल. नाहीतर उद्या नात जाईल."

"मेले, दयामाया आहे की नाही तुला?"

"तुझ्या केरसुणीला होती?"

दुसऱ्या दिवशी भर दुपारी गजरा दरबारात उभी राहिली. रणधवल हसला. "काय गं सुईणबाई, वेणी कुणी चोरली?"

"महाराज, राणीचं मूल मेलेलं नव्हतं. मुलगा होता. एकदाच रडला. याच हातानं मी त्याचं तोंड दाबलं, गार होईस्तोवर. हुकूम तुमचा होता. माझ्या लेकीच्या गळ्याला तुम्ही तलवार लावली होती, हेही खरं. पण हात माझा."

पदरातून पाल निघाली, खांबावर चढली. चुक, चुक, चुक.

प्रधानाचं बोट भुईवर गेलं. शिपायांनी भाल्याच्या दांड्यावर ठोकलं. जन्माची सवय ती! रणधवलाचं बोटही सिंहासनाच्या हातावर वाजलं, टक. ते सगळ्यांनी ऐकलं. त्यानं हात मागं ओढला, पण ठोकलेलं ठोकलं होतं.

त्याच्याच शिपायांनी त्याला खाली उतरवला. मांत्रिकाचा चुना भिंतीभिंतीतून ढासळला. तळघरातून राणीला आणून गादीवर बसवलं. उजेडानं तिचे डोळे मिटत होते. ती एवढंच म्हणाली, "रणधवलाला सूळ." मग गजराकडं वळली. "तुला?"

"मलाही तेच, राणीसाहेब."

"तेच," राणी म्हणाली.

गजराला वधाच्या माळाकडं नेत असता गावात एक मूल रडलं. मग दुसरं, मग गल्लीगल्लीतून रडं उठलं. तीन दिवसांतली सगळी पोरं एकदम टाहो फोडत होती. बायका दारात येऊन आनंदानं ओरडत होत्या, आणि वळचणींना चिमण्या परतत होत्या. गजरा थांबली, कान देऊन ऐकू लागली. एवढ्या आवाजांत आपल्या नातीचा कुठला, ते तिला काही केल्या ओळखेना.

शिपाई म्हणाला, "चल बाई."

ती चालू लागली.