पंगतीतला अर्ज

थोरल्या मुलीच्या लग्नात राजमैदानावर मांडव घालण्यासाठी मागितलेली परवानगी भिवा कोष्ट्याला नातवाच्या बारशाच्या दिवशी मिळाली. परवानगी एका हातात आणि नातू दुसऱ्या हातात घेऊन तो थेट मंगळावतीच्या राजापुढे उभा राहिला. धाकटीचे लग्न दहा दिवसांवर आले होते, मांडव त्याच राजमैदानावर घालायचा होता. निदान या खेपेस परवानगी अक्षता पडण्यापूर्वी मिळावी, एवढीच त्याची विनंती होती.

राजा कीर्तिधवल हट्टी होता, पण बहिरा नव्हता. त्याने सल्लाखात्याचे प्रमुख नारोपंत यांना पुढे बोलावले.

सल्लाखाते हा नारोपंतांचा प्राण होता. इतर खात्यांनी काम कसे करावे हे सांगणे, एवढेच त्या खात्याचे काम. स्वतः काही करणे त्याच्या नियमांत बसत नव्हते. पागेतले घोडे वर्णानुक्रमाने बांधावेत, हा सल्ला नारोपंतांचाच. त्यामुळे एकमेकांना लाथा घालणारे दोन घोडे शेजारी आले, हा दोष त्यांच्या मते घोड्यांच्या नावांचा होता. आपला प्रत्येक अहवाल ते तीन वेळा वाचत. दुसरे कोणी तो एकदाही वाचत नसे, ही गोष्ट त्यांना ठाऊक होती. पण तिचा उल्लेख कोणत्याही अहवालात नव्हता.

"अकरा कारकुनांच्या अकरा सह्या. त्यांना अकरा महिने का लागतात, पंत?" राजाने विचारले.

"महाराज, कागद एका कचेरीतून दुसऱ्या कचेरीत जासूदच नेतो, आणि जासूद पौर्णिमेलाच निघतो."

"पौर्णिमेलाच का?"

"त्याच्या वहाणांची झीज वाचावी म्हणून."

"हा शहाणपणा कोणाचा?"

नारोपंतांनी उजवीकडे पाहिले, डावीकडे पाहिले. दुसरे कोणी पुढे येईना. "आमच्याच खात्याचा," ते म्हणाले.

दरबार खाली मान घालून हसला. राजा मात्र हसला नाही. नियमावर त्याची मोहोर उठली होती, आणि त्याची मोहोर फिरत नसे. म्हणून त्याने फर्मावले की, नियम तसाच राहील. एकही कारकून किंवा सही कमी होणार नाही. कोणी घटकाभरही जास्त राबणार नाही. आणि तरीही अर्ज ज्या दिवशी येईल, त्याच दिवशी अकराही सह्या झाल्या पाहिजेत.

"आठ दिवस देतो. जमले नाही, तर सल्लाखात्याला कुलूप लावीन आणि तुम्हांला पागेत बांधीन. वर्णानुक्रमाने."

नारोपंत कामाला लागले. सातव्या दिवसापर्यंत अहवाल दोनशे पानांचा झाला. त्यात प्रस्तावना उत्तम होती, परिशिष्टे निर्दोष होती. उत्तर तेवढे नव्हते. भुकेने व्याकूळ होऊन ते प्रथमच मुदपाकखान्यात गेले. वेळ वाचावा म्हणून त्यांचे खाते नेहमी कागदांवरच जेवत असे.

तिथे वीस वर्षे पंगतीची पाने मांडणारी ठकूबाई होती. "लगेच घास मिळायचा नाही, पंत," ती म्हणाली. "महाराजांच्या पानावर तूप पडल्याशिवाय पंगत सुरू होत नाही."

नारोपंतांनी जेवणघरात डोकावले. अकराही कारकून मानाच्या क्रमाने पाटांवर बसून आंब्यांच्या जातींवरून वाद घालत होते. तुपाची वाट पाहत रोज घटकाभर ते असेच बसत, असे ठकूबाईने सांगितले.

तेव्हा नारोपंतांनी खातेप्रमुख झाल्यापासूनच्या चार वर्षांत जे केले नव्हते, ते केले. ते ओट्यावर टेकले आणि त्यांनी कोणाला काही सांगण्याऐवजी विचारले. आपली सगळी अडचण त्यांनी ठकूबाईपुढे मांडली, वहाणांसकट. तिचे हात पाने पुसतच राहिले.

"उद्या भिव्याला अर्ज घेऊन दारात उभा करा," ती शेवटी म्हणाली. "आणि अकरा दौती आणा."

दुसऱ्या दिवशी राजा पाटावर बसला. पाने मांडली होती. पण प्रत्येक पानाशेजारी दौत आणि बोरू होता. ठकूबाईने भिव्याचा अर्ज पहिल्या कारकुनाच्या, म्हणजे सदोबा चिटणिसांच्या हाती दिला आणि अकरावी सही झाल्यावरच तूप येईल, असे नम्रपणे सांगितले.

सदोबा उसळले. "ही जेवणाची वेळ आहे, कामाची नव्हे."

"जेवण तुपानंतर सुरू होते, चिटणीस. त्याआधीची आंब्यांची घटका ना कामाची, ना जेवणाची. ती कोणाच्या मालकीची आहे, ते सांगा. मी त्यालाच विचारते."

मालक सापडेना. राजाने भुवई उंचावली. "कागद जासुदाशिवाय कचेरीतून कचेरीत जात नाही."

"इथे कचेरी कुठे आहे, महाराज? इथे पाट आहेत."

"हे न वाचताच सह्या करतील."

"शेजाऱ्याच्या पानातली पुरणपोळी बोटभर मोठी असली, तर यांना ती तीन पाटांवरून दिसते. दहा ओळींना तेवढी नजर पुरेल."

अर्ज पाटापाटाने सरकू लागला. आंब्यांचे नावही निघाले नाही. पाचव्या पाटावर तर मैदानाची दिशा चुकल्याचे आढळले. थोरलीच्या अर्जातली तीच चूक अकरा महिन्यांत कोणाला दिसली नव्हती. ती दुरुस्त झाली, आणि भाताची वाफ विरण्यापूर्वी अकरावी सही झाली. भिव्याने परवानगी कपाळाला लावली आणि तो मांडवाचे बांबू पाहायला धावला.

राजा इतका हसला की त्याच्या हाताचा धक्का लागून तूप पानाबाहेर सांडले. त्याने ठकूबाईला सोन्याच्या पाटल्या दिल्या आणि सल्लाखातेही देऊ केले.

"पाटल्या घेते. खाते नको, महाराज," ती म्हणाली. "मला दुपारी काम असते. पण त्याला कुलूप लावू नका. पंतांना महिनाभर माझ्याकडे पाने मांडायला द्या. इथून सगळ्या कचेऱ्या दिसतात."

दुसऱ्या दिवशी नारोपंतांनी मोठ्या काळजीने, दोरी धरून, केळीची बारा पाने एका रेषेत मांडली. जेवणाऱ्याच्या डाव्या हाताला हवेत ते शेंडे बाराही पानांचे उजव्या हाताला होते.

राजाने आपल्या पानाकडे पाहिले. "पंत, हाही सल्लाखात्याचा नवा नियम का?"

"होणार होता, महाराज," पाने फिरवता फिरवता नारोपंत म्हणाले. "सुदैवाने, अजून मोहोर उठलेली नाही."

राजा पुन्हा हसू लागला, आणि त्या दिवशी पंगतीला तूप जरा उशिराच मिळाले.