पहाऱ्याची वीणा

“आणि पडल्यावर काय करतूस?” तुळशीरामबुवांनी विचारलं.

अंकुश ढाकणेला हा प्रश्न काही आवडला नाही. एवढ्या लांबून आलेल्या माणसाला असं कुणी विचारतं का? अंथरुणावर पडल्यावर माणूस काय करतो?

“वाट बघतो, बुवा.”

“कुणाची?”

“झोपेची. दुसऱ्या कुणाची बघणार?”

“मग?”

“मग काय... येत न्हाई.”

बुवा मठाच्या ओट्यावर बसून वाती वळत होते. वळलेली वात त्यांनी ताटलीत ठेवली आणि कापसाचा दुसरा पेळू हातात घेतला. ऐंशीच्या पुढचा माणूस, पण वात अशी बारीक वळायचा की बघत राहावं.

अंकुश म्हणजे काही साधीसुधी असामी नव्हे. चार जिल्ह्यांत कुठंही हरिनाम सप्ताह असो, पोस्टरवर कीर्तनकारांच्या खाली त्याचा फेटा बांधलेला फोटो असायचा आणि फोटोखाली लिहिलेलं असायचं, ‘मृदंगसम्राट’. हे सम्राटपद त्याला कुणी दिलं ते नक्की ठाऊक नाही. बहुधा पोस्टर छापणाऱ्यानंच दिलं असावं. हात मात्र खरोखर तसा होता. लहानपणी तो याच मठात राहून शिकला होता आणि मृदंगावरची पहिली थाप बुवांनीच त्याचा हात धरून त्याच्याकडून मारून घेतली होती.

त्या सम्राटाला गेली चार वर्षं झोप येत नव्हती.

दुधात जायफळ उगाळून झालं. तळपायाला तूप लावून काशाची वाटी घासून झाली. वाटी गुळगुळीत झाली, डोळा काही लागला नाही. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या. गोळ्यांनी डोळे मिटायचे, पण सकाळी बोटं जड वाटायची, म्हणून मृदंगाच्या काळजीनं त्यानं त्या आपल्याच मनानं बंद केल्या. कुणीतरी मोबाईलवर झऱ्याचा आवाज लावून झोपायला सांगितलं. तोही लावला. त्यानं रात्रभर लघवीला मात्र उठावं लागलं.

आणि आता त्याचा हात थरथरायला लागला होता.

मागच्या महिन्यात एका मोठ्या कीर्तनात ऐन रंगात त्याची थाप चुकली. हजारो माणसं समोर बसलेली. कीर्तनकार महाराजांनी एकदाच त्याच्याकडे वळून बघितलं. नुसती मान फिरवली आणि शेजारच्या दुसऱ्या मृदंगवाल्याला खूण केली. त्या मान फिरवण्यानं अंकुश मनातून पार मोडून गेला होता. अंथरुणावर पडलं की ती मानच त्याच्या डोळ्यांपुढे यायची.

“बुवा,” हे सगळं सांगून झाल्यावर तो म्हणाला, “उद्या संध्याकाळी इथं त्याच महाराजांचं कीर्तन आहे. मृदंगाला मी आहे. आज रात्री झोप झाली न्हाई, तर...”

“तर?”

“तर माझं संपलं.”

बुवा वात वळत राहिले.

“काहीतरी द्या मला. मंत्र द्या, अंगारा द्या. सगळा तालुका म्हणतो, बुवांनी झोप जिंकली. रात्र रात्र बसलेले असतेत, योगी हायत.”

“असं म्हणतेत व्हय?”

“म्हणतेत.”

“बरं...” बुवांनी ताटली बाजूला सारली. “आज मध्यरात्रीनंतरचा पहारा घे.”

अंकुश त्यांच्याकडे बघतच राहिला.

सप्ताह बसला की मठातली वीणा खाली ठेवत नाहीत. रात्रंदिवस कुणाच्या ना कुणाच्या गळ्यात ती असते. गळ्यात वीणा घेऊन, तार छेडत, नाम घेत मंडपात संथ फिरायचं, म्हणजे पहारा. गावातली माणसं पाळीपाळीनं तो करतात. दिवसाच्या पहाऱ्याला माणसांची रीघ असते. मध्यरात्रीनंतरच्या पहाऱ्याला मात्र एकाचं पोट दुखतं, दुसऱ्याची म्हैस व्यायला झालेली असते.

आणि हा पहारा मृदंगसम्राटानं करायचा?

अंकुशला आधी राग आला. मग एकदम त्याच्या डोक्यात प्रकाश पडला आणि तो हसला.

“कळलं, बुवा. ‘झोपू नको’ म्हणलं की माणसाला झोप येती, तसलंच ना? डॉक्टरांनी हे पण करून घेतलंय माझ्याकडून.”

“न्हाई. तुला झोप येणार न्हाई.”

“मग कशाला उभा करताय?”

“जागा माणूस पाहिजे मला.”

अंकुशच्या जागेपणाची कीव करणारे पुष्कळ भेटले होते, उपाय सांगणारे तर पावलापावलाला. त्याचा जागेपणा मागून घेणारं आजवर कुणी भेटलं नव्हतं.

रात्री कीर्तन झालं, भजनं झाली, मंडळी मंडपातच आडवी झाली. किराणा दुकानदार मुंजाजी वीणा घेऊन फिरत होता. अंकुश त्याच्या पाया पडला, तशी मुंजाजीनं वीणा गळ्यातून काढून त्याच्या गळ्यात घातली.

“पुढचा पहारा शेषेरावचा,” जांभई देत तो म्हणाला. “येईल त्यो टायमाला.”

एवढं बोलून तो तिथंच सतरंजीवर कलंडला आणि अंकुशची पहिली फेरी पुरी व्हायच्या आत घोरायला लागला.

अंकुशला त्या माणसाचा मनस्वी संताप आला. आपण जिच्यासाठी चार वर्षं जंग जंग पछाडलं, ती या तेल-साखरेच्या व्यापाऱ्याला अशी फुकट मिळावी!

तो फिरू लागला. तार छेडताना बोट थरथरत होतं. त्यानं अंगठ्यानं बोट दाबून धरलं, तरी ते ऐकेना. मृदंगाच्या सवयीनं तो मनात मात्रा मोजू लागला. घरीही तो हेच करायचा. अंथरुणावर पडून, हात विसरला तर नाही ना म्हणून, मनातल्या मनात बोल वाजवून बघायचा आणि आणखी जागा व्हायचा. इथं मोजता मोजता एका लहान मुलाच्या हातावर पाय पडता पडता राहिला.

मग त्यानं मोजणं सोडलं. जपून चालायला लागला.

मंडपभर माणसं पसरली होती. कुणी कोपरावर डोकं ठेवून, कुणी उपरणं तोंडावर ओढून. एक म्हातारी उठली, बाहेर जाऊन आली आणि परत आडवं होण्याआधी अंकुशच्या पायांवर डोकं ठेवून गेली. हा कोण, कुठला, सम्राट की शिपाई, तिनं बघितलंही नाही. पलीकडं एक तान्हं कुरकुरलं. आईनं झोपेतच त्याला कुशीत ओढलं.

घरी बायकोचा श्वास ऐकू आला तरी त्याच्या कपाळाची शीर उठायची. सगळे झोपलेत आणि आपण एकटेच जागे, ही गोष्ट त्याला आपल्यावर केलेल्या अन्यायासारखी वाटायची. इथं तर शंभर माणसं त्याच्या पायांशी झोपली होती आणि त्याला एकाचाही राग येत नव्हता. मुंजाजीचासुद्धा नाही. कधी निवळला तो राग, त्याला सांगता आलं नसतं.

शेषेरावची पाळी आली आणि उलटून गेली. शेषेराव खांबाशी झोपला होता. दिवसभर त्यानं शेकडो माणसांच्या पंगतीला पाणी वाढलं होतं, अंकुशनं ते बघितलं होतं. अंकुश त्याच्यापाशी गेला, उठवायला वाकला... गालाखाली हात घेऊन तो गडी तान्ह्या मुलासारखा झोपला होता.

अंकुश तसाच सरळ झाला आणि पुढं चालू लागला.

तेव्हा त्याला दुसऱ्या खांबाशी बुवा दिसले. ते खांबाला टेकून बसले होते. झोपले असतील असं त्यानं धरलं होतं, पण जवळ गेल्यावर दिसलं, डोळे उघडे होते.

“बुवा, झोपला न्हाईत?” तार छेडत त्यानं हळूच विचारलं.

“मला कुठं येती झोप?”

“म्हणजे?”

“तुझ्याएवढा होतो, तवापासून. कधी घटकाभर येती. कधी तेवढी पण न्हाई.”

अंकुश जागच्या जागी उभा राहिला. बोट तेवढं तारेवर चालत होतं.

“पण लोक म्हणतेत तुम्ही झोप जिंकली...”

“म्हणू देत. मला योगी म्हणतेत, तुला सम्राट म्हणतेत.”

अंकुशला हसू आलं नाही. लहानपणी तो याच मठात झोपायचा. रात्री जाग आली की बुवा बसलेले दिसायचे. बुवा देवाशी बोलतायत असं समजून तो पुन्हा निर्धास्त झोपी जायचा. त्या सगळ्या रात्री या माणसानं अशा काढल्या होत्या. आपण ज्या रात्रींना इतके भितो, तशा रात्रींचा ढीगच्या ढीग या माणसाच्या मागं पडला होता आणि त्यानं कधी कुणाला चकार शब्द सांगितला नव्हता.

“इलाज न्हाई केला?”

“केला की. तूप, वाटी, जायफळ... समदं केलं. भांडलो पण लई. देवाशी भांडलो, गुरूशी भांडलो. मग एका सप्ताहात मधल्या रातीच्या पहाऱ्याला माणूस मिळंना. म्हणलं, आपण जागंच हाव.”

“मग झोप यायला लागली?”

“कधी कधी येती.”

“आणि नाही आली तर?”

“तर उजाडतं.”

मंडपात शंभर माणसांचा श्वास आणि वीणेचा नाद, एवढंच होतं.

मग बुवा खांबाला धरून उठले. गुडघे कुरकुरले. दोन पावलं पुढं आले, वाकले आणि त्यांनी अंकुशच्या पायांवर डोकं ठेवलं.

वारकऱ्यांत रीतच आहे ती. ज्याच्या गळ्यात वीणा, त्याच्या पाया सगळ्यांनी पडायचं, बापानं लेकाच्या आणि गुरूनं शिष्याच्यासुद्धा. आणि गळ्यात वीणा असताना त्यानं उलट कुणापुढं वाकायचं नाही. अंकुशला हे पाळण्यात असल्यापासून ठाऊक होतं. पण ठाऊक असणं वेगळं आणि ज्यानं आपला हात धरून पहिली थाप मारायला शिकवलं, त्याचं पांढरं डोकं आपल्या पायांवर टेकलेलं बघणं वेगळं. पाय मागं घ्यावेत तर घेता येईनात. खाली वाकावं तर वाकता येईना. त्याचे डोळे भरून आले आणि ते पुसायलाही हात मोकळा नव्हता.

बुवा सरळ झाले तेव्हा अंकुशचा हात कोपरापासून थरथरत होता.

बाहेर फटफटायला लागलं होतं. रात्र गेली होती. झोप आली नव्हती. आणि संध्याकाळी तेच महाराज, तीच माणसं आणि हाच हात.

“बुवा... हात बघा. अजून थरथरतोय. संध्याकाळी असाच थरथरला तर...”

बुवांनी हाताकडं बघितलं. मग तारेकडं बघितलं.

मग त्यांनी आपली दोन बोटं वाजत्या तारेवर ठेवली.

नाद थांबला.

सप्ताह बसल्यापासून ही वीणा एक क्षणही थांबली नव्हती. सगळ्या जिल्ह्यात वीणेचा एवढा मान राखणारा दुसरा माणूस नव्हता आणि त्याच माणसानं...

मंडपात चुळबुळ झाली. मुंजाजीचं घोरणं तुटलं. तान्हं रडायला लागलं. शेषेराव दचकून उठून बसला. म्हातारीनं अंधारात चाचपडत विचारलं, “काय झालं रं? काय झालं?”

एकेक करून सगळी माणसं जागी होऊन वीणेकडं बघू लागली.

बुवांनी तारेवरची बोटं काढली नाहीत.

“बघ,” ते म्हणाले, “आता तार थरथरत न्हाई.”